मिनिकॉय : एका गळाला एक मासा

लक्षद्वीपला जाऊन आल्याचे सांगितले की समोरच्या माणसाचा पहिला प्रश्न पाण्याच्या रंगाविषयी असतो. २०२४ च्या जानेवारीत पंतप्रधानांच्या भेटीची छायाचित्रे सगळीकडे पसरल्यापासून तर या बेटांविषयीचे कुतूहल फारच वाढले आहे. तो रंग खरोखरच तसा आहे आणि पाहणाऱ्याला तो गप्प करतो, हे मी आनंदाने मान्य करतो. पण मला मिनिकॉयविषयी लिहायचे आहे ते तिथल्या मासेमारीसाठी. रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला होड्या, जाळी आणि माशांचे लिलाव नवे नसतात. मिनिकॉयमध्ये मात्र मासेमारीची एक अशी पद्धत पाहायला मिळाली की तिच्यामुळे तिथली गावे, तिथला स्वयंपाक आणि तिथले उथळ निळे पाणी यांचा एकमेकांशी असलेला संबंध माझ्या पहिल्यांदा नीट लक्षात आला.

मिनिकॉय हे लक्षद्वीपचे सर्वांत दक्षिणेकडचे बेट आहे. कोचीपासून ते सुमारे ४०० किलोमीटर दूर आहे. लक्षद्वीपची इतर बेटे बऱ्यापैकी जवळजवळ आहेत, पण मिनिकॉय त्यांच्यापासून तुटून एकटे पडले आहे. मध्ये नऊ अंशाची सामुद्रधुनी आहे आणि सर्वांत जवळचे कल्पेनी बेटही २०० किलोमीटरच्या आसपास आहे. याउलट दक्षिणेला आठ अंशाची सामुद्रधुनी ओलांडली की मालदीवचे उत्तर टोक साधारण १२५ किलोमीटरवर लागते. त्यामुळे येथील माणसे मल्याळम न बोलता महल बोलतात. ही मालदीवच्या दिवेही भाषेचीच बोली असून ती उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या थाना लिपीत लिहिली जाते. लक्षद्वीपच्या उरलेल्या बेटांवरचा माणूस मिनिकॉयला उतरला तर त्यालाही भाषा परकी वाटते.

आम्ही, म्हणजे मी आणि माझी पत्नी, नेत्रावती एक्सप्रेसने एर्नाकुलमपर्यंत गेलो आणि तिथून पुढे जहाजाने. लक्षद्वीपमध्ये प्रवेशासाठी परवाना लागतो आणि तो आधीच काढावा लागतो. मिनिकॉयला विमानतळ नाही, त्यामुळे सामान्य प्रवाशासाठी जहाज हाच मार्ग आहे. या प्रवासाविषयी अधिक सांगण्यासारखे नाही. रात्र समुद्रात जाते, लाटा असतील तर पोटात ढवळते आणि बेटाजवळ आल्यावर मोठ्या जहाजातून लहान बोटीत उतरावे लागते. हे उतरणे खलाशांच्या हाताला धरून करायचे असते आणि ते लोक वृद्धांना आणि मुलांना इतक्या सहजपणे उचलून घेतात की भीती फार वेळ टिकत नाही.

बेटाचा आकार चंद्रकोरीसारखा आहे. लांबी १० किलोमीटरच्या आसपास, रुंदी मात्र अनेक ठिकाणी इतकी कमी की एका बाजूच्या लाटांचा आवाज ऐकत ऐकत दुसऱ्या बाजूच्या किनाऱ्यावर पोहोचता येते. एकूण जमीन पाच चौरस किलोमीटरपेक्षाही कमी आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १० हजारांच्या थोडी वर. ही चंद्रकोर पूर्वेला आहे आणि तिच्या पश्चिमेला प्रवाळांच्या भिंतीने अडवलेले उथळ, शांत पाणी आहे, ज्याला सगळे लगून म्हणतात. या लगूनचे क्षेत्र जमिनीच्या सहापट भरेल. म्हणजे मिनिकॉयच्या माणसाला वारशाने जे काही मिळाले आहे, त्यातला मोठा हिस्सा पाणी आहे. पूर्वेच्या बाजूला खुला समुद्र थेट खडकावर आदळतो. वस्ती, होड्या आणि रोजचे जगणे लगूनच्या बाजूला वळलेले आहे.

या बेटावर अकरा गावे आहेत. त्यांना तिथे ‘अवा’ म्हणतात. एवढ्याशा जमिनीवर अकरा गावे म्हटल्यावर त्या वाड्या असतील असे मला वाटले होते, पण प्रत्येक गावाची स्वतःची हद्द, स्वतःचा कारभार आणि स्वतःचे सामाईक घर असते. गावाचा प्रमुख ‘बोडुकाका’ हा गावाने निवडलेला वडीलधारा माणूस असतो. त्याच्या जोडीला स्त्रियांची प्रमुख असते, तिला ‘बोडुदाता’ म्हणतात. गल्ल्या झाडणे, गावातल्या लग्नकार्याची कामे वाटून देणे, होडी किनाऱ्यावर ओढायला माणसे जमवणे, पाहुण्यांची व्यवस्था पाहणे, आणि कुणाच्या घरात तंटा झाला तर मध्यस्थी करणे, ही सगळी कामे या व्यवस्थेतून चालतात. सरकारी कार्यालये बेटावर आहेतच, परंतु गल्ली का स्वच्छ आहे, याचे उत्तर त्या कार्यालयांत मिळत नाही. गावाने ठरवलेल्या दिवशी गावातली माणसे एकत्र येऊन ती स्वच्छ करतात, म्हणून ती तशी असते. आपल्याकडे कोळीवाड्यात पाटलाला आणि पंचांना जो मान असे, तो ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही रचना चटकन समजेल. स्त्रियांसाठी वेगळी प्रमुख असणे आणि तिच्या शब्दाला गावात वजन असणे ही मात्र मिनिकॉयची स्वतःची गोष्ट आहे.

त्याला कारण आहे. मिनिकॉयचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर असतात. काही मासेमारीसाठी, तर पुष्कळ जण व्यापारी जहाजांवर खलाशी म्हणून. वर्षातले अनेक महिने ते जगाच्या दुसऱ्या टोकाच्या बंदरांत असतात आणि इकडे बेट स्त्रिया चालवतात. घराणे आईकडून मोजले जाते, घर स्त्रीकडे राहते आणि लग्नानंतर नवरा बायकोच्या घरी येतो. एका घरी आम्हाला चहाला बोलावले, तेव्हा यजमान गृहस्थांनी, जे आयुष्यभर जहाजांवर काम करून आता निवृत्त झाले होते, मुंबईच्या मस्जिद बंदराजवळच्या खलाशीगृहात काढलेल्या दिवसांविषयी हिंदीत भरभरून सांगितले. जहाज मिळेपर्यंत तिथे वाट पाहत राहायचे, हा त्यांच्या पिढीतल्या अनेकांचा अनुभव होता. पण घराविषयी काही विचारले की ते पत्नीकडे पाहत आणि उत्तर त्या देत. माझ्या पत्नीला त्या बाईंनी आतल्या अंगणात नेले, शेजारच्या बायकांना बोलावून घेतले आणि भाषा येत नसतानाही त्यांचे दोन तास बोलणे झाले. परतताना तिने मला जे सांगितले त्यातले बरेचसे मी एकटा गेलो असतो तर मला कधीच कळले नसते. या लेखातला मासा शिजवण्या-सुकवण्याचा भाग तिच्यामुळेच लिहिता आला आहे.

आता मासेमारीकडे येतो.

मिनिकॉयच्या समुद्रात प्रामुख्याने जो मासा पकडला जातो तो ट्यूनाच्या कुळातला स्किपजॅक. आपल्याकडे ट्यूनाच्या जातींना किनाऱ्यानुसार कुपा किंवा गेदर म्हणतात आणि सुरमई-पापलेटच्या शेजारी त्यांना फार मान मिळत नाही. मिनिकॉयमध्ये मात्र सारे काही याच माशाभोवती फिरते. तो दोन-चार किलोंचा, गोळीसारखा घट्ट, पोटावर काळसर आडव्या रेघा असलेला मासा आहे आणि तो मोठ्या थव्यांनी पाण्याच्या वरच्या थरात फिरतो. तो पकडायला मिनिकॉयचे लोक जाळे वापरत नाहीत. काठी, दोरी आणि गळ एवढ्याच साधनांवर ते तो पकडतात. एका गळाला एका वेळी एक मासा लागतो.

ऐकताना हे सोपे वाटते, पण या पद्धतीची खरी अडचण काठीत नसून आमिषात आहे. स्किपजॅकच्या थव्याला होडीजवळ खिळवून ठेवायचे तर त्याच्यासमोर जिवंत, पळणारे लहान मासे टाकावे लागतात. मेलेल्या आमिषाकडे तो वळूनही पाहत नाही. त्यामुळे प्रत्येक फेरीची सुरुवात लगूनमध्ये होते. पहाटे होडी आधी उथळ पाण्यात जाते. तळाच्या पांढऱ्या वाळूवर किंवा प्रवाळांच्या गाठोड्यांजवळ एक चौकोनी, बारीक जाळे चार कोपऱ्यांना चार काठ्या बांधून खाली सोडले जाते. एक-दोन जण पाण्यात उतरतात, वाटलेल्या माशाचा गोळा हलवून लहान माशांना जाळ्यावर बोलावतात आणि पुरेसे जमले की चारही बाजूंनी एकाच वेळी जाळे उचलतात. या चिमुकल्या माशांच्या बऱ्याच जाती आहेत. होंदेली आणि रेही ही दोन नावे मी सर्वांत जास्त ऐकली. होंदेली हा बोटभर लांबीचा, चांदीसारखा झळकणारा मासा आहे आणि मिनिकॉयच्या तांडेलाच्या, म्हणजे होडीच्या प्रमुखाच्या, बोलण्यात तो वारंवार येतो, कारण आज होंदेली मिळाला की नाही यावर दिवसाचे सगळे अवलंबून असते.

पकडलेले आमिष जिवंत ठेवण्याची युक्ती मला विलक्षण वाटली. होडीच्या पोटात एक कप्पा असतो आणि त्याच्या तळाला भोके असतात. ती उघडली की समुद्राचे ताजे पाणी आत येते, आणि आत आलेले पाणी तितक्याच वेगाने बाहेर टाकले जाते. पूर्वी हे काम माणसे हाताने उपसून करीत, आता पंप आहेत. म्हणजे होडी बुडू नये म्हणून माणसे जिवापाड जपतात त्या तळालाच इथे मुद्दाम भोके ठेवली जातात आणि त्यांवर लाकडी बुचांनी नियंत्रण ठेवले जाते. ती बुचे किती उघडायची, गर्दी झाली तर आमिष किती कमी करायचे, उन्हात किती वेळ टिकेल, याचा अंदाज ज्याला असतो त्याचा होडीवर मान असतो.

आमिष भरून झाल्यावर होडी प्रवाळभिंतीतल्या वाटेने खुल्या समुद्रात जाते आणि मग सगळ्यांचे डोळे आकाशाकडे लागतात. पाण्यावर झेपावणाऱ्या पक्ष्यांचा थवा दिसला की त्याखाली लहान मासे आहेत आणि त्यांच्या खाली स्किपजॅक आहे, असे समजायचे. ओळखीच्या एका होडीमालकाच्या परवानगीने मला हे जवळून पाहता आले. पक्षी दिसताच सगळ्यांच्या हालचाली बदलल्या. होडीची गती मंदावली, मागच्या बाजूच्या फळीवर काठीवाले ओळीने उभे राहिले. एक माणूस कप्प्यातले जिवंत आमिष मूठमूठभर पाण्यात फेकू लागला आणि त्याच वेळी होडीच्या कडेने पाण्याचे तुषार उडू लागले. पाण्याच्या पृष्ठभागावर पडणाऱ्या त्या तुषारांमुळे खाली असलेल्या माशांना लहान माशांचा मोठा घोळका तडफडतो आहे असे वाटते आणि काठीवाल्यांच्या सावल्याही त्यांना दिसत नाहीत.

त्यानंतर जे घडते ते डोळ्यांना पुरत नाही. पाणी उकळल्यासारखे होते आणि काठ्या एकामागून एक वर येऊ लागतात. या गळाला आमिष लावलेले नसते. चमकदार धातूचा किंवा पिसाचा तुकडा बांधलेला असतो, आणि मुख्य म्हणजे गळाला उलटा काटा नसतो. आपल्याकडच्या गळाला तो काटा असतो, म्हणून मासा सुटत नाही आणि काढताना वेळ जातो. इथे मासा हवेतून होडीवर आला आणि दोरी सैल पडली की तो आपोआप गळातून निसटून फळ्यांवर पडतो आणि काठी त्याच झोकात परत पाण्याकडे जाते. एक माणूस मिनिटाला कित्येक मासे काढतो. कुणीही बोलत नाही. उचलणे, सोडणे, पुन्हा टाकणे, सगळे एका लयीत चालते, आणि ही लय शेजारच्या माणसाच्या काठीत आपली काठी अडकू न देता सांभाळायची असते. काही मिनिटांनी, कधी दहा-पंधरा मिनिटांनी, थवा जसा आला तसा नाहीसा होतो. मग पुन्हा पक्ष्यांचा शोध सुरू होतो. एखाद्या दिवशी पक्षी दिसतच नाहीत आणि जपून आणलेले आमिष तसेच सोडून देऊन परतावे लागते.

परतताना मी होडीवरच्या वयस्क तांडेलांना विचारले, “काका, इतके कष्ट घेण्यापेक्षा जाळे टाकले तर जास्त मासा मिळणार नाही का?” त्यांचे उत्तर अगदी व्यवहारी होते. ते म्हणाले, “मिळेल की. पण जाळ्यात मासा दाबला जातो, आत रक्त साकळते, त्याचे मासमीन चांगले होत नाही. आणि जाळे घ्यायला पैसे कोण देणार? त्या पैशांसाठी व्यापाऱ्याच्या दारात जायचे, मग मासा त्याचा.” मासेमारीच्या चर्चांमध्ये मी पर्यावरणाविषयी पुष्कळ वाचले आहे, पण कर्जाविषयीचे हे साधे वाक्य मला जास्त महत्त्वाचे वाटले. काठी स्वस्त आहे, आमिष लगून देते आणि होडी गावातली आहे. म्हणून मासा गावाचा राहतो.

त्यांनी ज्या मासमीनचा उल्लेख केला तो मिनिकॉयचा खरा साठा. स्किपजॅकचे डोके आणि आतडी काढून त्याच्या लांब फोडी करतात, त्या खारट पाण्यात उकळतात, मग नारळाच्या सोडणांच्या आणि लाकडाच्या धुरावर ठेवतात आणि पुढे कित्येक दिवस उन्हात वाळवतात. शेवटी हाती येते ती तपकिरी, कठीण, लाकडासारखी फोड, जी कोयत्याने किंवा सुरीने तासूनच वापरावी लागते. पाच किलो ताज्या माशातून साधारण एक किलो मासमीन होते, पण ते कोणत्याही थंड पेटीशिवाय महिनोन्‌महिने टिकते. पूर्वी वीज आणि बर्फ नसताना, पावसाळ्यात समुद्र बंद असताना, आणि लांबच्या बाजारात मासा पाठवायचा असताना याला दुसरा पर्याय नव्हता. मालदीवमध्येही हीच पद्धत आहे आणि श्रीलंकेच्या स्वयंपाकात या सुक्या माशाला आजही मोठी मागणी आहे. कोकणात आपण सुकट, बोंबील, बांगडा उन्हात वाळवतो आणि मिठात मुरवतो, पण उकळणे, धुरी देणे आणि वाळवणे या तिन्ही गोष्टी एकाच माशावर करण्याची रीत आपल्याकडे नाही.

बायकांच्या त्या अंगणात माझ्या पत्नीने जे पाहिले त्यात आणखी एक पदार्थ होता. मासा उकळल्यावर उरलेले पाणी फेकून देत नाहीत. ते तासन्‌तास आटवून त्याचा दाट, काळपट लगदा करतात, त्याला रिहाकुरू म्हणतात. भाताबरोबर, भाकरीसारख्या पोळीबरोबर किंवा ओल्या खोबऱ्यात कालवून तो खातात. त्याची चव इतकी तीव्र असते की बोटाच्या टोकावर येईल एवढाच पुरतो. घरातल्या म्हाताऱ्या बाईंनी पत्नीला तो बरणीत घालून दिला आणि नातवंडे परदेशी असलेल्या घरांतून दर वेळी अशा बरण्या जहाजाने पाठवल्या जातात, असे सांगितले. १९६९ साली बेटावर ट्यूना डबाबंद करण्याचा कारखाना सुरू झाला आणि तिथला मासा बाहेरच्या बाजारातही मिळतो, परंतु घराघरांतले मासमीन अजूनही स्त्रियांच्या हातचेच असते आणि त्याचा दर्जा कुणाचा चांगला हे सगळ्या गावाला माहीत असते.

बेटाच्या दक्षिण भागात १८८५ साली इंग्रजांनी बांधलेला दीपस्तंभ आहे. तो १५० फुटांहून उंच आहे आणि वरपर्यंत चढून जाता येते. ही जागा सुएझ आणि कोलंबो यांच्यामधल्या जहाजमार्गावर येते आणि या खडकांवर अनेक जहाजे फुटली; १८६२ साली ‘कोलंबो’ नावाचे मोठे प्रवासी जहाज इथेच आदळले होते. दीपस्तंभावरून संपूर्ण बेट एका नजरेत दिसते आणि लगून, प्रवाळभिंत व बाहेरचा गडद समुद्र हे तिन्ही रंग इतके स्पष्ट वेगळे दिसतात की सकाळी होडी ज्या वाटेने बाहेर गेली ती वाटही ओळखता येते. दीपस्तंभापलीकडे विरिंगिली हे छोटे निर्जन बेट आहे. पूर्वी कुष्ठरोग झालेल्यांना तिथे नेऊन ठेवत असत. आमच्या सोबतच्या तरुणाने ते फार थोडक्यात सांगितले आणि मीही अधिक विचारले नाही.

मला ज्याची काळजी वाटते ते आता लिहितो. वर सांगितलेली सगळी साखळी, म्हणजे काठी, स्किपजॅक, मासमीन, गावाची होडी, ही शेवटी लगूनमधल्या बोटभर माशावर उभी आहे आणि त्या माशांपैकी बऱ्याच जाती प्रवाळांच्या फांद्यांमध्ये वाढतात. १९९८ मध्ये समुद्राचे तापमान वाढले आणि लक्षद्वीपचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडून मेले. नंतर २०१०, २०१६ आणि २०२४ मध्येही तेच घडले. प्रवाळ पुन्हा वाढतात, पण त्यांना वर्षे लागतात आणि दोन उष्ण लाटांमधले अंतर कमी होत चालले आहे. मिनिकॉयमध्ये केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेचे केंद्र १९५८ पासून आहे, त्यामुळे आमिषाच्या माशांचा अभ्यास इथे खूप आधीपासून होत आला आहे. होंदेलीसारखे वाळूवर वावरणारे मासे प्रवाळांवर तितके अवलंबून नाहीत. पण फांद्यांच्या आश्रयाला राहणाऱ्या जाती कमी झाल्या की सगळा ताण होंदेलीवर येतो आणि आमिष शोधायला होड्यांना जास्त वेळ, जास्त डिझेल लागते. तांडेलकाकांनी मला लगूनमधल्या दोन जागा दाखवल्या जिथे त्यांच्या तरुणपणी अर्ध्या तासात आमिष मिळे आणि आता तिथे ते जाळे टाकतच नाहीत. खाली पाण्यात पाहिले तर करडे, शेवाळ धरलेले तुकडे दिसत होते.

याच्या जोडीला मासेमारीचे बाहेरचे मार्ग आहेत. आपल्या किनाऱ्यावर माशांच्या थव्याला वेढून पकडणारी मोठी पर्ससीन जाळी आणि दिव्यांच्या प्रकाशात केलेली मासेमारी यांमुळे पारंपरिक मच्छीमार आणि मोठ्या नौका यांच्यात जो संघर्ष चालू आहे, तो मी लहानपणापासून पाहिला आहे. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली पर्ससीनवर निर्बंध आणले आणि केंद्राने २०१७ मध्ये आपल्या समुद्रक्षेत्रात एलईडी दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीवर बंदी घातली. तरीही हर्णे किंवा मिरकरवाड्याला जाऊन कोणत्याही लहान होडीवाल्याला विचारले तर तो काय सांगेल ते कोकणातल्या वाचकांना ठाऊक आहे. प्रखर दिव्याकडे लहान-मोठा सगळा मासा ओढला जातो आणि जाळे त्यातून निवड करीत नाही. काठीने मात्र एका वेळी एकच मासा उचलला जातो. कासव किंवा डॉल्फिन त्यात अडकत नाही. मालदीवच्या काठी-गळ मासेमारीला २०१२ साली शाश्वत मासेमारीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले आणि त्यामुळे त्यांच्या ट्यूनाला परदेशी बाजारात वेगळी ओळख मिळाली. मिनिकॉयचा मासाही त्याच पद्धतीने, त्याच थव्यांतून पकडलेला असतो, आणि लक्षद्वीपच्या अगत्तीसारख्या इतर बेटांवर ही पद्धत मिनिकॉयकडूनच पोहोचली. एवढे असूनही मुंबई-पुण्याच्या बाजारात ‘मिनिकॉयचा काठीने पकडलेला ट्यूना’ म्हणून मासा मागणारे ग्राहक नाहीत. ते व्हावेत असे मला मनापासून वाटते, कारण काठीवाल्याला त्याच्या माशाचा योग्य दर मिळाला तरच त्याचा मुलगा काठी हातात धरेल. त्या होडीवर उभ्या असलेल्यांपैकी दोन तरुणांनी जहाजावरच्या नोकरीसाठीचे कागद आधीच भरले होते.

मार्च २०२४ मध्ये मिनिकॉयला नौदलाचा ‘आयएनएस जटायू’ हा तळ कार्यान्वित झाला. विमानतळाची चर्चाही सुरू आहे. या बेटाचे स्थान पाहता त्यामागची गरज समजते आणि आजारी माणसाला कोचीला नेण्यासाठी तासन्‌तास थांबावे लागणाऱ्या घरांना विमान हवेच आहे. माझे म्हणणे एवढेच की लगूनमध्ये भर घालण्याचा, धक्का बांधण्याचा किंवा पर्यटकांसाठी पाण्यावरची घरे उभारण्याचा कोणताही नकाशा काढताना आमिषाचे मासे कुठे पकडले जातात ते त्या नकाशावर आधी दाखवले गेले पाहिजे. ही माहिती अकरा गावांच्या तांडेलांना तोंडपाठ आहे आणि ती विचारायला फार खर्च येत नाही.

जायचे असल्यास ऑक्टोबर ते एप्रिल हा काळ योग्य. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, आपल्याकडे नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर असतात तशाच तिथेही त्या ओढून ठेवलेल्या असतात आणि काठीची मासेमारी पाहायला मिळत नाही. परवाना आणि जहाजाचे आरक्षण यांसाठी कोचीच्या विलिंग्डन बेटावर लक्षद्वीप पर्यटनाचे कार्यालय आहे; काही महिने आधी चौकशी करावी, कारण जागा मर्यादित असतात. दारू या बेटावर मिळत नाही आणि ती नेऊही नये. गावातून फिरताना अंगभर कपडे असावेत आणि घरांचे किंवा बायकांचे छायाचित्र काढण्यापूर्वी विचारावे. लगूनमध्ये पोहताना प्रवाळांवर पाय ठेवू नये आणि किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडाही पिशवीत घालू नये, तो कायद्याने संरक्षित आहे. होडीवर जाण्याची इच्छा असेल तर पर्यटन कर्मचाऱ्याच्या मागे न लागता ज्या गावाची होडी आहे त्या गावाच्या बोडुकाकांना विनंती करावी आणि ते नको म्हणाले तर पुन्हा विचारू नये. मासमीन मात्र जरूर विकत घ्यावे, शक्यतो एखाद्या घरातून, आणि घेताना दराची घासाघीस करू नये. आम्ही आणलेले किसून, ओले खोबरे, हिरवी मिरची, कांदा आणि लिंबू घालून भाताबरोबर खाल्ले.